मंडळं गेली, अनुशेष कोण मोजणार?

३० एप्रिल २०२०. तुम्ही-आम्ही लॉकडाऊनमध्ये घरात अडकलो होतो, तेव्हा विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिन्ही वैधानिक विकास मंडळांची मुदत संपली. रद्द करायचा गाजावाजा नाही, विलीनीकरण नाही. मुदतवाढच मिळाली नाही, बस्स!

‘नुसती सल्ला देणारी मंडळं, आपल्याला काय फरक पडतो?’ असं मलाही वाटायचं. मग राज्यघटनेचं कलम ३७१(२) वाचलं. त्यात निधीच्या न्याय्य वाटपासोबत तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकरीतल्या संधीही आहेत. म्हणजे विषय थेट तुमच्या अ‍ॅडमिशनचा! कुठला भाग किती मागे, हे १९९४पासून ही मंडळं मोजत होती. त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचं बंधनही होतं. २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती पुन्हा आणायचं ठरवलं. पण त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो.