75 कोटी अंगलांब्या

पाठीवर बुडबुड्यासारखा शंख, तोही इतका पातळ की अंगावरचे काळे ठिपके त्यातून आरपार दिसतात. हॅमिनिया जॅपोनिका ही समुद्री गोगलगाय असते जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची. तिच्या भाईबंदांचे शंखही जवळपास असेच असल्यामुळे नुसता शंख पाहून नाव सांगणं धोक्याचं. खात्री करायची तर पोट उघडून पेषणीतल्या तीन तबकड्या, जिभेवरच्या दातांच्या ओळी आणि नर-अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात.

शंखतज्ज्ञ पिल्सब्रींनी 1895 मध्ये जपानी नमुन्यांवरून तिला नाव दिलं. 1989 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातून हॅमिनिया कॅलिडेजेनिटा ही 'नवी' जाती जाहीर झाली. 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतही जॅपोनिका सापडली. दोन्ही एकच की वेगळ्या, ही नावांची भानगड नुसती कागदोपत्री नव्हती. 2005 मध्ये त्या खाडीकाठच्या अलामीडात पाण्यात उतरणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटून पुरळ उठला. पक्ष्यांच्या अंगात वाढणाऱ्या एका कृमीच्या अळ्या त्याला कारण होत्या, आणि त्या याच गोगलगायीतून बाहेर पडत होत्या.

डीएनएने शिक्कामोर्तब केलं 2013 मध्ये: कॅलिडेजेनिटा म्हणजे जॅपोनिकाच! प्राण्यांच्या जाती ओळखायला सहसा वापरतात तो डीएनएचा तुकडा अवघ्या 658 अक्षरांचा असतो. डीएनएच्याच आधारे या परदेशी गोगलगायींचा माग ईशान्य जपानपर्यंत पोहोचला.

तिथून वॉशिंग्टन सुमारे साडेसात हजार किलोमीटर. गोगलगाय सेंटिमीटरभराची धरली तर हे अंतर तिच्या लांबीच्या 75 कोटी पट भरतं. माणसाला याच प्रमाणात 12 लाख किलोमीटर कापावे लागतील. म्हणजे चंद्रावर जाऊन परत यायचं आणि पुन्हा चंद्र गाठायचा. ती अर्थातच सरपटत गेली नाही. कालवांच्या शेतीसाठी जपानहून अमेरिकेला कालवांचं बीज जहाजांनी जात असे, त्याच्यासोबत ती गेली असावी.

परमुलखात पाय रोवायची तिची तयारी मात्र मला सर्वांत थक्क करते. एकाच अंडपुंजातून काही अळ्या पोहत दूर जातात, तर काही पिल्लं थेट चिमुकल्या गोगलगायी होऊनच बाहेर पडतात आणि तिथेच चरू लागतात.