3 नंबरच्या पिनवरच का?

मे महिन्यात नवा रायपुरात पारा चाळिशी सहज ओलांडतो. इथल्या ट्रिपल आयटीला 2015 पासून विद्यार्थी येताहेत. त्यांच्यापैकी कुणाला आर्डुइनोकडून एसी चालवून घ्यावासा वाटला नाही, तरच नवल. त्यासाठीची आयआररिमोट ही लायब्ररी केन शेरिफ यांनी 2009 मध्ये लिहिली आणि आजही तीच चालते. अडतं ते पिनपाशी. उनो बोर्डावर जुन्या आवृत्त्या इन्फ्रारेड एलईडी 3 नंबरच्या पिनवरच मागतात, आणि एल293डी मोटर शील्ड बसवलं असेल तर ती पिन आधीच गुंतलेली असते.

प्रोग्रामात कुठेतरी 3 लिहिलेला असेल, तो खोडून 7 केला की झालं, असं वाटतं. तसं होत नाही. रिमोटचा एलईडी नुसता लागत-विझत नाही. प्रत्येक स्पंदाच्या आत तो सेकंदाला सुमारे 38,000 वेळा लुकलुकतो. खोलीतल्या इतर प्रकाशातून आपला संदेश रिसीव्हर त्यावरूनच वेगळा काढतो. हा ठेका चिपमधला टायमर धरतो, आणि टायमरचं आउटपुट कोणत्या पिनवर निघणार हे सिलिकॉनमध्येच ठरलेलं आहे. उनोच्या एटीमेगा328पी चिपमध्ये टायमर 0 कडे 5 आणि 6, टायमर 1 कडे 9 आणि 10, टायमर 2 कडे 3 आणि 11 या पिन आहेत. लायब्ररी टायमर 2 वापरते, म्हणून 3.

मग 11 का नाही? इथे थोडं गणित आहे. घड्याळ 16 मेगाहर्ट्झचं. टायमर शून्यापासून 210 पर्यंत चढतो आणि परत उतरतो, म्हणजे एका फेरीला 420 ठोके. 1,60,00,000 भागिले 420 केलं की साधारण 38,095 येतात. 210 ही मर्यादा ज्या रजिस्टरमध्ये ठेवायची तेच रजिस्टर 11 नंबरच्या पिनचं. ते मर्यादेत अडकल्यामुळे 11 वर हवा तसा स्पंद काढता येत नाही. जोडीच्या रजिस्टरमध्ये 70 ठेवलं की 3 वर एलईडी एक तृतीयांश वेळ पेटलेला राहतो.

तेव्हा पिन बदलायची म्हणजे टायमर बदलायचा. जुन्या आवृत्तीत लायब्ररीच्या बोर्डडेफ्स फाइलमध्ये उनोच्या भागात टायमर 2 च्या ओळीपुढे दोन तिरप्या रेघा टाकायच्या आणि टायमर 1 च्या ओळीपुढच्या काढायच्या. एलईडी 9 वर येतो. लायब्ररी अपडेट केली की हा बदल पुसला जातो, हे ध्यानात असू द्या. शिवाय सर्वो लायब्ररीही टायमर 1 वरच चालते. सर्वो आणि रिमोट दोन्ही हवे असतील तर इथे भांडण ठरलेलं. उलट बझरसाठी टोन फंक्शन वापरत असाल, तर त्याचं भांडण टायमर 2 शी.

नव्या आवृत्त्यांनी दुसरी वाट दिली आहे: टायमर सोडून प्रोसेसरनेच पिन वर-खाली करायची. मग कोणतीही मोकळी डिजिटल पिन चालते. सेंडरच्या बिगिनमध्ये तिचा नंबर दिला की पुरे. मधेच इंटरप्ट आला तर एखादा ठोका किंचित सरकतो, पण रिसीव्हर तेवढं खपवून घेतो. मोटर शील्डवाल्यांना माझा सल्ला हाच: 2 नंबरची पिन किंवा ए0 घ्या आणि फाइलींच्या वाटेला जाऊ नका. ईएसपी32 वर तर हा प्रश्नच हलका होतो, कारण तिथे टायमरचं आउटपुट जवळजवळ हव्या त्या पिनवर वळवता येतं. फक्त 34 ते 39 टाळा, त्या नुसत्या इनपुटच्या आहेत.

पिन कोणतीही असो, एलईडी थेट जोडला तर एसी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असताना प्रकाश तोकडा पडतो. उनोच्या पिनकडून 20 मिलिअँपिअरच्या वर मागू नये. मधे बीसी547 ट्रान्झिस्टर घाला, त्याच्या बेसला 1 किलोओहमचा रोध द्या, आणि एलईडीच्या मार्गातही प्रवाह आवरायला एक रोध हवाच.

तपासायला मोबाइलचा पुढचा कॅमेरा एलईडीकडे धरा. मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा इन्फ्रारेड गाळणी असते. पडद्यावर जांभळट ठिपका दिसला म्हणजे वायरिंग आणि पिन बरोबर आहे, एवढंच कळतं. 38 किलोहर्ट्झचा ठेका चुकला असला तरी तो ठिपका तसाच दिसतो. ठिपका दिसतो पण एसी ढिम्म, असं असेल तर दुसऱ्या उनोला टीएसओपी1738 हा इन्फ्रारेड रिसीव्हर जोडून लायब्ररीतलं रिसीव्हचं उदाहरण चालवा. तिथे मूळ रिमोटचा कोड उमटतो आणि तुमचा उमटत नाही, तर आधी टायमरची निवड तपासा.