वांगणी : ध्रुव एकोणीस अंशांवर

बदलापूर मागे पडलं, वांगणी जवळ येऊ लागलं की कर्जतकडे जाणाऱ्या लोकलच्या उजव्या खिडकीत चंदेरीचा सुळका दिसू लागतो. मलंगगडापासून माथेरानपर्यंत गेलेल्या रांगेतला हा सर्वांत देखणा डोंगर, असं माझं मत आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर त्याच्या कड्यावर उघडे पडले आहेत. वरच्या अंगाला गुहा, सुळक्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा, समोर माथेरान, पेब आणि प्रबळ. वाट घसाऱ्याची आहे, पावसाळ्यात जाऊच नये.

वांगणीचं खरं वैभव मात्र अंधार पडल्यावर कळतं. हॅलीच्या धूमकेतूच्या निमित्ताने १९८५ मध्ये मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं आणि पुढे मंडळाच्या रात्रभराच्या आकाशदर्शनामुळे वांगणीचं नाव घरोघरी पोचलं. मुंबईपासून सुमारे ७८ किलोमीटर, लोकलने जाता येतं, मोकळी शेतं आहेत, आणि पश्चिमेकडचा शहरी उजेड हीच डोंगररांग बराचसा अडवते. शेतात सतरंजी टाकून आपलं पहिलं नक्षत्र ओळखलेली माणसं आज मुंबई-ठाण्यात जागोजागी भेटतात. पहिल्यांदा दुर्बिणीतून शनीचं कडं पाहिलेलं मूल ते आयुष्यभर विसरत नाही.

इथला पहिला धडा उत्तरेकडे तोंड करून शिकायचा. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून जेमतेम दोन मुठींवर ध्रुव सापडतो, कारण ध्रुवाची उंची साधारण त्या जागेच्या अक्षांशाइतकी असते आणि वांगणीचा अक्षांश १९ आहे. लंडनमध्ये तोच ध्रुव ५१ अंशांवर असतो. पण आपला ध्रुव खाली असल्याचा फायदा दक्षिणेला मिळतो. फेब्रुवारीत पहाटे तीन-चारच्या सुमारास डोंगर आड येत नसेल अशा जागेवरून त्रिशंकू हा तारकासमूह दिसतो, आणि त्याच्या वर नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा हा लाखो ताऱ्यांचा गुच्छ धूसर ठिपक्यासारखा दिसतो. लंडनला तो कधी उगवतच नाही. थंडीत कुडकुडत त्या वेळेपर्यंत जागं राहावं, इतकं ते दृश्य मोलाचं आहे.

आता काळजी वाटते ती त्याच उत्तरेची. बदलापूर त्या बाजूला आहे, आणि ते वाढतं आहे. वांगणीतही इमारती उठत आहेत. ध्रुव स्वतः टिकेल. तो ज्या तारकासमूहात आहे त्या ध्रुवमत्स्यातले मधले मंद तारे आधी बुजतील. घरं हवीत, रस्त्यावर दिवेही हवेत. पण दिव्याला वरून झाकण असलं तर उजेड रस्त्यावरच पडतो, आकाशात सांडत नाही, आणि वीजही कमी लागते. ग्रामपंचायतीने आणि नव्या सोसायट्यांनी एवढं करावं. आणि तुम्ही अमावास्येच्या जवळपास वांगणीला जाल तेव्हा डोळ्यांना झालेली अंधाराची सवय मोडू नये म्हणून विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावून न्या.