पारावरचा खेळाडू तालुक्याला का हरतो?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत बुद्धिबळ काही नवे नाही. पाण्याच्या पाळीची वाट बघत, देवळाच्या पारावर किंवा दूध संस्थेच्या ओट्यावर पट मांडून बसलेली माणसे नीरा डाव्या कालव्याच्या काठी दिसतात, तशीच उजनीच्या फुगवट्यालगतच्या गावांतही दिसतात. त्यांच्या शेजारी उभे राहून एखादे पोर खेळ शिकते. वर्षभरात ते मोठ्यांना हरवू लागते आणि गाव कौतुकाने म्हणते, "पोरगं लई हुशार हाय." पुढे शाळा त्याला तालुक्याच्या शालेय स्पर्धेला पाठवते. तिथे पहिल्याच फेरीत ते पंधरा मिनिटांत हरून येते. घरी बाप म्हणतो, "झालं ना? आता अभ्यासाला लाग." बहुतेक वेळा खेळ तिथेच सुटतो.

पोर बुद्धीने कमी पडले असे सहसा नसते. पारावर ते एक खेळ शिकले आणि स्पर्धेत दुसराच खेळ होता, हे खरे कारण. त्याला कोणी सांगितले नाही, एवढीच अडचण. हे सांगण्याचे काम बाप, मास्तर, ग्रामसेवक, गावातला जुना खेळाडू यांपैकी कोणीही करू शकतो. त्याला स्वतःला मोठा खेळाडू असण्याची गरज नाही.

आधी नियमांची तोंडओळख

गावाकडे अजून बऱ्याच ठिकाणी देशी नियम चालतात. प्यादे एका वेळी एकच घर चालते. राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ज्या रांगेत पोचले त्या रांगेचे मोहरे होते. स्पर्धेत आंतरराष्ट्रीय नियम असतात. तिथे प्यादे पहिल्या खेळीला दोन घरे जाऊ शकते. राजाला घोड्याची चाल नसते, त्याऐवजी हत्तीबरोबर किल्लेकोट करता येतो. शेवटच्या घरात गेलेल्या प्याद्याचे वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी हवे ते करता येते. राजाला शह नाही आणि खेळायला एकही खेळी नाही, अशी स्थिती आली की डाव बरोबरीत सुटतो.

शिवाय स्पर्धेची शिस्त वेगळी असते. ज्या मोहऱ्याला हात लावला ते खेळावेच लागते. मोहरे घरात नीट ठेवायचे असेल तर आधी तसे बोलून मगच हात लावायचा. ज्या हाताने खेळी केली त्याच हाताने घड्याळ दाबायचे. नियमबाह्य खेळी झाली तर समोरच्याला जादा वेळ मिळतो, आणि पुन्हा झाली तर डाव जातो. पारावर "अरे थांब, परत घेतो" चालते, स्पर्धेत चालत नाही. म्हणून स्पर्धेच्या महिनाभर आधीपासून घरीही खेळी परत घेऊ देऊ नये. यात दयामाया दाखवणे म्हणजे पोराचे नुकसान करणे होय.

माती तपासल्याशिवाय खत नको

शेतकरी बांधवांना आम्ही नेहमी सांगतो की माती परीक्षण केल्याशिवाय खताचा डोस ठरवू नका. नवख्या खेळाडूचेही तसेच आहे. बाजारातून ओपनिंगचे जाड पुस्तक आणून त्याच्या पुढ्यात टाकण्याआधी ते कशाने हरते ते पाहा. त्यासाठी एक साधी वही करावी आणि प्रत्येक डावाच्या खेळ्या त्यात लिहायला लावाव्यात. हरलेले पाच डाव जमले की शेजारी बसून ते पुन्हा पटावर मांडावेत आणि एकच प्रश्न विचारावा, "पहिले मोहरे फुकट कुठे गेले?"

नवख्याच्या बहुतेक डावांत उत्तर एकच येते. मोहरे बिनराखणीचे होते आणि त्याने पाहिले नाही. डावपेचांचा प्रश्न त्याच्यानंतर येतो. म्हणून पहिले औषध हेच. प्रत्येक खेळीआधी हात मांडीवर ठेवून तीन गोष्टी पाहायच्या. समोरच्याने आत्ता जी खेळी केली तिचा हेतू काय? माझे कोणते मोहरे उघडे पडले आहे? मी ही खेळी केली तर तो शह देईल का, काही मारेल का? एवढी सवय लागली तरी खेळात फरक दिसू लागतो.

मोहऱ्यांची किंमतही पाठ असावी. प्यादे १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. हत्ती देऊन घोडा घेतला तर दोनाचा तोटा. बाजारात पट्टीचा हिशेब करणारी आपली माणसे पटावर मात्र हा हिशेब विसरतात.

चार खेळ्यांची मात

तालुक्याला हमखास बसणारा फटका म्हणजे चार खेळ्यांत होणारी मात. दोघांनीही राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे घेतलेले असते. पांढरा लगेच वजीर तिरका काढून पटाच्या कडेला आणतो, मग उंट काढतो आणि चौथ्या खेळीला राजाकडच्या उंटापुढचे प्यादे वजिराने मारतो. खेळ खलास. त्या प्याद्याला सुरुवातीला राजाशिवाय कोणाचीच राखण नसते, म्हणून घाव तिथेच पडतो.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकता कामा नये. वजीर कडेला आला की त्याचा डोळा काळ्याच्या मधल्या प्याद्यावरही असतो. म्हणून आधी वजिराकडचा घोडा काढून त्या प्याद्याला राखण द्यावी. उंट बाहेर आला की राजाकडच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर पुढे घेऊन वजिराला हुसकावे. वजीर मागे येऊन पुन्हा त्याच प्याद्यावर नेम धरील, तेव्हा दुसरा घोडा काढून वाट अडवावी. आता काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आलेले असतात आणि पांढऱ्याचा वजीर उगाच हिंडत असतो. लवकर वजीर काढणे का वाईट, हे यावरून पोराला आपोआप कळते. सुरुवातीचे नियम तेवढेच शिकवावेत. मधली घरे प्याद्यांनी धरा, घोडे-उंट काढा, राजा किल्लेकोटात न्या. बाकी पाठांतर पुढे.

शेवटाकडून सुरुवात

क्युबाचा जगज्जेता कापाब्लांका सांगत असे की अभ्यास शेवटच्या डावापासून करावा. गावच्या पोरांच्या बाबतीत हे फारच खरे आहे. वजीर वर असूनही मात करता येत नाही आणि घाईत डाव बरोबरीत सुटतो, असे नेहमी घडते. म्हणून क्रमाने शिकवावे. आधी दोन हत्तींनी राजाला एकेक रांग मागे रेटत केलेली मात, मग राजा आणि वजीर, मग राजा आणि एक हत्ती. त्यानंतर राजा आणि एकच प्यादे. इथे एक गोष्ट कोरून ठेवावी. प्याद्याला पुढे ढकलण्याआधी राजा त्याच्या पुढे न्यावा. आपला राजा सहाव्या रांगेत, प्यादे त्याच्या मागच्याच घरात, मग खेळी कोणाचीही असो, डाव आपला. अपवाद फक्त पटाच्या कडेच्या प्याद्याचा.

हे तोंडी सांगून उपयोग नाही. आमच्या खात्यात म्हणतात तसे प्रात्यक्षिक हवे. पट मांडा, पोराला करू द्या, चुकले की पुन्हा मांडा. आणि एका वेळी एकच शिफारस. दहा गोष्टी सांगितल्या की एकही अमलात येत नाही, हे आपण शेतीत पाहतोच.

मोबाईलचे काय?

मोबाईलवर लिचेससारखे ॲप फुकट मिळते, जाहिरातीही नसतात. त्यावर रोज दहा कोडी सोडवणे चांगले. पण पाच-पाच मिनिटांचे झटपट डाव रात्रभर खेळल्याने विचार न करता हात टाकायची सवय लागते. हरलेला डाव आधी स्वतः तपासावा, मगच मोबाईलला विचारावे. आधी उत्तर पाहिले की डोके चालत नाही.

मुलींना पट मिळू द्या

पारावर मुलगी बसत नाही. त्यामुळे खेळ शिकायची गावातली पहिली शाळाच तिला बंद असते. वास्तविक महाराष्ट्राचे या खेळातले नाव मुलींनीच गाजवले आहे. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांची बहीण रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर किताब मिळवला. त्याआधी २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघात ती होती, आणि त्या संघाचे कर्णधार होते आपल्या पुण्याचे अभिजित कुंटे. तेव्हा घरात पट आणला असेल तर तो मुलगा-मुलगी दोघांसमोर मांडावा.

गावाने काय करावे

सांगलीसारख्या गावात भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालवले आणि तिथून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडले. आपल्याला एवढे मोठे काही लगेच जमणार नाही. पण शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात चार पट, दोन घड्याळे आणि आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ एवढे तर जमेल. शेजारच्या गावाशी महिन्यातून एकदा सामना ठेवावा, म्हणजे अनोळखी माणसापुढे बसायची भीती मोडते. पारावरच्या जुन्या जाणत्यांनाही बोलवावे. नियम नवे असले तरी त्यांची डाव पाहायची नजर मुलांना फार उपयोगी पडेल.

आणि पालकांना एक विनंती. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने सांभाळायची आपली तयारी असते, चौथ्या महिन्यात कोणी कोयता घेऊन जात नाही. पोराला मात्र आपण पहिल्या हारीला मोडीत काढतो. तालुक्याहून हरून आले तर "किती वाजता हरलास" असे विचारू नये. "डाव लिहून आणलास का? चल, मांडू" एवढेच म्हणावे. पुढच्या वर्षीची तयारी त्याच संध्याकाळी सुरू होते.