मालवाहू पिकअप : घाट उतरण्यापूर्वी मालकाने काय पाहावे?

बेळगावची पेठ वाढली ती देश आणि कोकण यांच्यामधील उंबरठ्यावर. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य लादून घाट उतरत आणि परतताना मीठ घेऊन वर येत. पुढे वेंगुर्ले बंदरापासून आंबोली घाटाने बेळगावपर्यंत गाडीरस्ता झाला आणि बैलगाडीचे दिवस आले. त्या काळच्या व्यापाऱ्यास जनावराची पारख असे. बैलाच्या खांद्याला जू लागले आहे काय, खुराची पत्री शाबूत आहे काय, आसाला वंगण पुरेसे आहे काय, हे माल भरण्याआधी तो स्वतः पाहत असे.

आज तोच भाजीपाला, धान्य, गूळ आणि कापड चोर्ला, आंबोली किंवा अनमोड घाटाने गोव्याकडे व कोकणाकडे उतरते. वाहन मात्र बदलले आहे. टाटांची एस २००५ साली आली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव देऊन टाकले. अशोक लेलँडची दोस्त २०११ साली आली. महिंद्रांची बोलेरो पिकअप तर बाजाराच्या दिवशी गल्लोगल्ली दिसते. परंतु वाहन बदलताना मालकाची ती जुनी पारखही मागे पडली. गाडी चालकाने सांभाळावी, दुखणे मिस्त्रीने काढावे आणि बिल आपण चुकते करावे, अशी वाटणी होऊन बसली आहे. या वाटणीत खरी जोखीम कोणाच्या पदरी येते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. उतारावर ब्रेक गेला तर केबिनमध्ये चालक असतो. आपण गादीवर असतो.

मालकाने हातात पाना घ्यावा असे माझे म्हणणे नाही. गाडी बहुतेक वेळा आधी सूचना देऊन मगच बिघडते. ती सूचना ओळखण्यापुरते ज्ञान मालकापाशी असावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पिकअपच्या निम्म्याहून अधिक तक्रारींच्या मुळाशी जादा भार असतो, असे कोणताही अनुभवी मिस्त्री सांगेल. गाडी किती वजन नेऊ शकते, हे हौद्याच्या लांबीवरून ठरत नाही. नोंदणीपत्रात मालासह एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन असे दोन आकडे असतात; त्यांची वजाबाकी म्हणजे आपली मर्यादा. समजा, एकूण वजन २,९०० किलो आणि रिकामे वजन १,६०० किलो असेल, तर उरतात १,३०० किलो. त्यातच माल, सोबतचा हमाल, ताडपत्री आणि दोरखंड सारे आले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये असा दंड ठरविला आहे. तथापि दंडाची बाब मी दुय्यम मानतो. दंड भरून गाडी घरी येते. घाटातून ती येईलच असे नाही.

भार पेलण्यासाठी मागच्या कमानीत एक-दोन पाटे जादा घालून घेण्याची आपल्याकडे सर्रास रीत आहे. पाटे वाढविल्याने गाडी मागे बसत नाही, एवढेच खरे. आस तोच राहतो, टायर तेच राहतात आणि ब्रेकही तेच राहतात. इतकेच नव्हे, तर अनेक पिकअपांत मागच्या आसापाशी एक लहानशी झडप बसविलेली असते. हौदा भाराने किती खाली आला आहे, त्यावरून ती मागच्या ब्रेकना किती दाब द्यावा हे ठरविते. जादा पाट्यांमुळे हौदा खाली येतच नाही. परिणामी झडपेला गाडी हलकी वाटते आणि ती मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवते. म्हणजे भार सर्वांत अधिक असतो, नेमक्या त्याच वेळी मागचे ब्रेक सर्वांत दुबळे पडतात. पाटे घालणाऱ्या लोहाराला ही झडप ठाऊक असतेच असे नाही. ज्यांच्या गाडीला असे पाटे घातलेले आहेत, त्यांनी हा मुद्दा मिस्त्रीपुढे अवश्य काढावा.

ब्रेकवर घाटात किती ताण येतो, याचा एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. माल धरून तीन टनांची गाडी तेथून ६०० मीटर खाली उतरली, तर त्या उतरण्यातून जी ऊर्जा मोकळी होते तिने सुमारे ५५ ते ६० लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. ही सारी उष्णता कोठे तरी जावयास हवी. चालकाने गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर तिचा मोठा भाग इंजिन घेते. न ठेवल्यास ती चार चाकांच्या ब्रेकवर येते, लायनर तापतात, जळका वास येऊ लागतो, आणि मग पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. ज्या गिअरने तोच घाट चढावा लागला असता, त्याच गिअरने तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तंतोतंत खरा आहे.

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अद्याप पुष्कळ चालकांना आहे आणि काही मालकच ती लावतात, हे खेदाने नमूद करावे लागते. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत या सवयीने डिझेल वाचत नाही, उलट जळते. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की अशा इंजिनाचे डिझेल आपोआप बंद होते, कारण चाकेच इंजिनाला फिरवीत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल लागतेच. इंजिन बंद करून उतरणे तर याहून भयंकर. ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात दाब इंजिनामुळे मिळतो; इंजिन बंद पडले की एक-दोनदा पेडल दाबल्यावर तो संपतो आणि पेडल दगडासारखे घट्ट होते. पॉवर स्टिअरिंग असल्यास तेही जड होते.

ब्रेक ऑइलचे महत्त्व आपल्याकडे फार थोड्यांना उमगले आहे. डबी भरलेली दिसली की सर्व ठीक आहे, असा समज असतो. वस्तुतः हे द्रव हवेतील ओलावा सतत शोषून घेते. ‘डॉट ३’ या प्रतीचे ताजे द्रव मानकानुसार किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर मात्र ही मर्यादा १४० अंशांच्या आसपास येते. तापलेल्या ब्रेकपाशी ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल दाबले की द्रव पुढे न जाता बुडबुडेच दबतात. पाय फळीपर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही. कोकणासारख्या दमट हवेत फिरणाऱ्या गाडीचे हे द्रव दर दोन वर्षांनी संपूर्ण बदलावे. त्याचा खर्च घाटातल्या एका फेरीच्या डिझेलहून कमीच असतो. पेडल मऊ लागणे, ब्रेक लावताच गाडी एका अंगाला ओढणे, चाकाच्या आतल्या बाजूस ओलसर डाग दिसणे, डबीतील पातळी पुनःपुन्हा उतरणे, यांपैकी एक जरी चिन्ह दिसले तरी त्या दिवशी गाडी घाटात पाठवू नये. ‘आजचा फेरा होऊ दे, उद्या पाहू’ हे वाक्य या एका बाबतीत मालकाने उच्चारू नये.

आणि ब्रेक गेलाच तर? चालकाला हे आधीच सांगून ठेवावे : पेडल झपाट्याने पुनःपुन्हा दाबावे, एकेक गिअर खाली उतरवावा, हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढावा, हॉर्न व दिवे चालू ठेवावेत आणि शेवटी दरीची बाजू सोडून डोंगराकडच्या चरात गाडी घालावी. गाडीचे व मालाचे नुकसान झाले तर मालक रागावणार नाही, हा शब्दही त्याला त्याच वेळी द्यावा. त्या क्षणी त्याच शब्दावर पुष्कळ काही अवलंबून असते.

चढावर त्रास वेगळा होतो. तेथे इंजिन तापते. तापमानाचा काटा चढू लागताच सुरक्षित जागी थांबावे. पाणी गळत नसेल आणि पंखा फिरत असेल, तर इंजिन काही वेळ रिकामे चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरून उष्णता बाहेर पडते. पाणी निघून गेले असेल किंवा बेल्ट तुटला असेल, तर मात्र तत्काळ बंद करावे. बेल्ट तुटल्याची खूण सोपी आहे : तापमान चढत असतानाच बॅटरीचा लाल दिवा लागतो, कारण बहुधा तोच बेल्ट पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर दोन्ही फिरवितो. काही गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात पंपही अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. तेथे बेल्टबरोबर ब्रेकचे साहाय्यही जाते. बेल्टला चिरा दिसताच तो बदलावा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली शंभर अंशांहून अधिक तापलेले असते. झाकण सैल होताच ते वाफ होऊन तोंडावर उडते. आणखी एक बारीक गोष्ट अशी की पाणी पूर्ण संपल्यावर काटा कधी कधी खाली येतो, कारण तो हलविणारे उपकरण पाण्यात बुडालेलेच राहत नाही. त्यावर विसंबून गाडी पुढे रेटली की इंजिनाचे हेड वाकते. कूपनलिकेचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालण्याची सवयही मोडावी. त्याचा क्षार आत बसतो. कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रणच वापरावे.

चढावर अर्धा क्लच दाबून गाडी थोपवून धरणे ही क्लच प्लेट जाळण्याची खात्रीची युक्ती होय. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे होऊ लागले की प्लेट संपत आली, असे समजावे.

धुरावरून निदान करण्याची विद्या जुन्या मिस्त्रींना चांगली अवगत होती. काळा धूर म्हणजे हवेची गाळणी तुंबली, इंजेक्टर बिघडला किंवा भार जादा झाला. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही राहिला तर पाणी आत शिरत असण्याचा संभव. परंतु १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा सहाचे नियम लागू झाले, आणि नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. आता धूर दिसत नाही, दिवा दिसतो. बाजारपेठेतल्या बाजारपेठेत गाडी फिरविली तर ती गाळणी तुंबते, कारण काजळी जाळण्याइतकी उष्णता तेथे निर्माणच होत नाही. दिवा लागल्यावर मोकळ्या रस्त्यावर वीसएक मिनिटे बऱ्यापैकी वेगाने गाडी चालविली की बहुधा तो विझतो. दुर्लक्ष केल्यास इंजिनाची शक्ती घटते आणि गाळणी बदलण्याचा खर्च डोळ्यांपुढे काजवे चमकविणारा असतो.

सकाळी सेल्फ मारताच नुसते ‘टक्’ झाले, तर नवी बॅटरी आणण्याआधी तिच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवावी आणि जोडण्या आवळून पाहाव्यात. विश्रांती घेतलेली सुस्थितीतील बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असता हा आकडा साडेतेरा ते साडेचौदा यांच्या दरम्यान असावा. इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तर दोष डिझेलकडे असतो. पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी शिरण्याचे प्रकार वाढतात, म्हणून फिल्टरखालची पाणी काढण्याची तोटी वेळोवेळी उघडावी.

टायरची हवा फेरी सुरू होण्यापूर्वी, टायर थंड असता पाहावी. नक्षी मधोमध झिजली तर हवा जादा, दोन्ही कडांना झिजली तर कमी, एकाच कडेला झिजली तर चाकांची संरेखा बिघडलेली. टायर विकत घेताना बाजूचा चार अंकी क्रमांक वाचावा : ३२२४ म्हणजे २०२४ सालातील बत्तिसावा आठवडा. कापडाचा ताका पारखून घेणारे आपण, टायर मात्र दुकानदार देईल तो घेतो!

हे सारे ध्यानात राहावे यासाठी गाडीची एक स्वतंत्र वही असावी. रोजकीर्द आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. तिच्यात एक पान गाडीचे. किलोमीटर, डिझेल, ऑइल कधी बदलले, आणि विशेष म्हणजे चालकाने परत आल्यावर काय सांगितले, ते त्याच्याच शब्दांत. ‘डावीकडे ओढते’, ‘तिसऱ्यात खरखरते’ असे शब्द मिस्त्रीला पुरतात. डिझेलचा खप हळूहळू वाढताना वहीत दिसला तर ब्रेक घासत आहेत, टायर मऊ आहेत किंवा इंजिन थकले आहे, असा बोध महिनाभर आधी होतो. चालकाची झोपही याच पानावर लिहावी, असे मी सुचवीन. दिवसभर माल उतरविलेल्या मनुष्याला पहाटे म्हापशाच्या बाजारात पोहोचण्यासाठी मध्यरात्री घाटात पाठविणे, हा दोष कोणत्याही मिस्त्रीला दुरुस्त करता येत नाही.

केबिनमध्ये जॅक, पाना, विजेरी, जादा बेल्ट, फ्यूज, कूलंटची बाटली आणि चाकाला लावण्यासाठी दोन लाकडी ठोकळे असावेत. स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा पाहावी. ऐन वेळी तीच बसलेली निघते. चमकत्या पट्ट्यांचा त्रिकोण बहुतेक गाड्यांत असतो, पण तो कसा ठेवावा हे चालकाला कोणी सांगितलेले नसते. वळणापलीकडे गाडी बंद पडली तर त्रिकोण गाडीच्या पाठीशी न ठेवता वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्यास आधी दिसेल असा ठेवावा. आंबोलीच्या धुक्यात तर तो आणखी मागे न्यावा आणि गाडीचे इशाऱ्याचे दिवे चालू ठेवावेत.