वरचा पत्ता

जादू म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे रंगमंच उभा राहतो. १९२४ साली आंबेठाणला जन्मलेल्या रघुवीर भोपळे यांनी, म्हणजेच जादूगार रघुवीर यांनी, आपल्याला ही सवय लावली. १९८४ मध्ये ते गेले आणि पुढे मुलाने, मग नातवाने खेळ चालू ठेवले. पण जादूची एक शाखा अशीही आहे, जिला पडदा, पेट्या, वाद्यवृंद काही लागत नाही. पत्त्यांचा एक कॅट आणि हातभर अंतरावर बसलेला माणूस, एवढं पुरतं. आमच्या अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीतल्या खोल्यांना ती फार शोभते. गणपतीच्या जागरणात मेंढीकोट आणि झब्बूचे डाव रंगून संपले की हमखास तिचीच फर्माईश होते.

या शाखेतलं मला सर्वांत आवडणारं काम म्हणजे पत्ता बदलणं. तुम्ही बदामचा राजा सगळ्यांना दाखवता, पालथा धरता, आणि कुणाच्या तरी हातात देता तेव्हा तो चौकट दुरी असतो. जगभरचे जादूगार या युक्तीला ‘टॉप चेंज’ म्हणतात.

तिची कृती सांगायला सोपी आहे. कॅट डाव्या हातात, दाखवलेला पत्ता उजव्या हातात, अंगठा वर आणि तर्जनी खाली. डावा अंगठा कॅटवरचा सर्वांत वरचा पत्ता जरासा उजवीकडे सरकवतो. उजवा हात जवळ येतो, आपला पत्ता कॅटवर टेकवतो आणि डावा अंगठा तो तिथेच धरून ठेवतो. त्याच क्षणी बाहेर आलेला पत्ता उजव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या चिमटीत येतो. झालं. कृतीला पाव सेकंदही लागत नाही, आणि ती नीट जमायला मात्र कित्येक पावसाळे जातात.

पावसाळा मी सहज म्हटलं नाही. वडाळ्याच्या मिठागरांवरून येणारी दमट हवा जून-जुलैत साध्या कागदी पत्त्यांचं पार मातेरं करते. ते फुगतात, कडा वाकतात, आणि एकाऐवजी दोन पत्ते एकत्र सरकतात. निव्वळ प्लास्टिकचे पत्ते घ्यावेत तर ते इतके निसटते की अंगठ्याला धरच मिळत नाही. लेप दिलेले कागदी पत्ते, तेही थोडे वापरून मऊ झालेले, सर्वांत उत्तम. हात लहान असेल तर ५७ मिलिमीटर रुंदीचे ब्रिजचे पत्ते घ्यावेत. पोकरचे पत्ते ६३ मिलिमीटरचे असतात आणि तेवढ्या फरकानेही बोटांची चिमूट ढिली पडते.

१९०२ साली शिकागोत एस. डब्ल्यू. अर्डनेझ या टोपणनावाने पत्त्यांच्या हातचलाखीवर एक पुस्तक निघालं. लेखक नक्की कोण, याचा निर्विवाद उलगडा अजून झालेला नाही. पुस्तकाचा पहिला भाग जुगाराच्या टेबलावरच्या लबाडीचा आणि दुसरा जादूचा. पत्ता बदलण्याच्या रीती त्यात काटेकोरपणे दिल्या आहेत. डाय व्हर्नन (१८९४–१९९२) हा कॅनडात जन्मलेला थोर जादूगार आयुष्यभर या पुस्तकाचा अभ्यास करत राहिला. हातांनी एरवी जे केलं असतं तेच करताना दिसावं, असा त्याचा आग्रह होता. मला वाटतं, पत्ता बदलण्याची सगळी कला या आग्रहात आहे.

नवशिका वेगाच्या मागे लागतो. पण झटका डोळ्यांना लगेच खुपतो. छोटी हालचाल मोठ्या हालचालीत लपते, आणि मोठ्या हालचालीला कारण लागतं. म्हणून आधी कारण शोधावं. समोरच्याला ‘जरा सरकून बसा’ म्हणत डाव्या हाताने जागा दाखवायची असेल, तर दोन्ही हात क्षणभर जवळ येणं स्वाभाविक ठरतं. बदल होताच उजवा हात मागे ओढू नये. तो तिथेच थांबावा आणि कॅट घेतलेला डावा हात जागा दाखवायला पुढे निघून जावा. पाहणाऱ्याच्या मनात उजवा हात स्थिर राहिला, म्हणजे पत्ताही स्थिर राहिला.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘पत्ता लक्षात आहे ना?’ असं विचारलं की माणूस वर बघतो. हशा पिकला की खांदे सैल पडतात. त्या सैल क्षणात बदल करावा, ताणलेल्या क्षणात कधीच करू नये. उरतो आवाज. पत्त्यावर पत्ता घासल्याची सळसळ शांत खोलीत स्पष्ट ऐकू येते, म्हणून पत्ता ओढून न घेता अलगद टेकवण्याचा सराव वेगळा करावा लागतो.

पुढे बुद्धिमापन चाचणीमुळे प्रसिद्ध झालेल्या आल्फ्रेड बिनेने १८९४ मध्ये हातचलाखीच्या मानसशास्त्रावर लिहिलं. त्यासाठी जॉर्ज देमेनीने जादूगारांच्या हातांची ओळीने छायाचित्रं घेतली होती. सुट्या छायाचित्रांत जादू उरतच नव्हती, सगळं उघडं दिसत होतं. आज तीच सोय खिशातल्या मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये आहे. ती बोटं तपासायला वापरावी. जादू तपासायला मात्र समोर जिवंत माणूसच हवा.

त्या माणसाचं मन किती उदार असतं, हे स्वीडनच्या पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं. १२० जणांना चेहऱ्यांच्या छायाचित्रांच्या जोड्या दाखवून आवडता चेहरा निवडायला सांगितलं आणि काही वेळा हातचलाखीने नेमका नाकारलेला चेहराच हातात दिला. त्या क्षणी फक्त १३ टक्के वेळा बदल ओळखला गेला. बाकीच्यांनी न निवडलेल्या चेहऱ्याची आवड कारणांसकट समजावून सांगितली.

हीच कला रस्त्यावर तीन पत्ते मांडून लोकांची पाकिटं रिकामी करते. तिथेही एका हातात दोन पत्ते असतात आणि खालचा पडल्यासारखं दाखवून वरचा टाकला जातो. घरच्या मैफलीत पैसे लावायचे नाहीत, हा नियम म्हणूनच मला पाळण्यासारखा वाटतो.

बदल झाला की बदामचा राजा कॅटच्या वर पडून असतो. तो लगेच दडवायची घाई करू नये. चौकट दुरी समोरच्याच्या तळव्याखाली ठेवावी, त्याच्याकडून त्याच्या पत्त्याचं नाव मोठ्याने वदवून घ्यावं आणि कॅट शेजारच्याला पिसायला द्यावा. राजा आत हरवेल तो त्या शेजारच्याच्याच हातून. मग तळवा उचलायला सांगावं.