टीव्ही लावायचाय? आधी भिंत ओळखा

बॉथेलमधल्या आपल्या घराच्या भिंतीवर एकदा बोटाच्या पेराने टकटक करून पाहा. ढब ढब असा पोकळ आवाज येईल. हळूहळू बाजूला सरकत टकटक चालू ठेवली की एका जागी आवाज एकदम भरीव होतो आणि पुढे पुन्हा पोकळ. पुण्या-नाशिककडच्या विटांच्या भिंतीवर हाच प्रयोग केला तर फक्त बोट दुखेल. टीव्ही स्वतः भिंतीवर लावायचं अर्धं काम या आवाजातल्या फरकात आहे.

तिकडे आपण भिंतीचा विचारच करत नाही. हवं तिथे ड्रिलने भोक पाडायचं, प्लास्टिकची गिट्टी ठोकायची आणि तिच्यात स्क्रू पिळायचा. स्क्रू आत गेला की गिट्टी फुगते, विटेला घट्ट दाबते आणि त्या घर्षणावर सगळा भार तोलला जातो. भिंत सगळीकडे सारखीच भक्कम असते, त्यामुळे जागा ठरवणारे आपण. ही सवय घेऊनच मी इथे आलो आणि पहिल्याच घरात गिट्ट्या ठोकून पुस्तकांचं शेल्फ लावलं. दीड आठवड्याने ते मध्यरात्री गिट्ट्यांसकट खाली आलं. दिवसा त्याच जागी मुलीची खेळण्यांची टोपली असायची. टीव्ही लावायच्या आधी मी भिंतीबद्दल वाचायला लागलो, तो त्या रात्रीनंतर.

आपल्याला दिसते ती भिंत म्हणजे ड्रायवॉल. दोन कागदांच्या मध्ये जिप्समचा थर, जाडी बहुधा अर्धा इंच. जिप्सम आगीसाठी फार गुणी आहे. त्याच्या वजनाचा सुमारे २१ टक्के भाग स्फटिकात अडकलेलं पाणी असतं. आग लागली की ते पाणी वाफ होऊन उष्णता खातं आणि मागच्या लाकडाला थोडा वेळ मिळतो. पण ओढ सहन करण्याच्या बाबतीत जिप्सम खडूसारखा आहे. स्क्रू बाहेरच्या दिशेने ओढला गेला की भोकाच्या कडेचा भुगा होतो, मग भोक सैल होतं, मग आणखी भुगा. म्हणून अशी गिट्टी पहिल्या दिवशी छान टिकते आणि अकराव्या दिवशी दगा देते.

खरी भिंत या पडद्याच्या मागे आहे. तिथे उभे लाकडी वासे असतात, त्यांना इथे स्टड म्हणतात. बॉथेलला हे साजेसंच आहे म्हणा. हे गाव मुळात लाकूडतोडीवर आणि छपराच्या लाकडी कौलांच्या गिरण्यांवर उभं राहिलं. इकडच्या घरांचे सांगाडे बहुधा डग्लस फर किंवा हेमलॉकसारख्या सूचिपर्णी लाकडाचे असतात. या वाशांना ‘दोन बाय चार’ म्हणतात, पण मोजायला जाल तर दीड बाय साडेतीन इंच भरतात. तुमच्या समोर येते ती दीड इंचाची बाजू. म्हणजे सगळा टीव्ही ज्या लाकडावर टांगायचा, त्याची रुंदी दोन बोटांइतकी.

ते लाकूड शोधायचं कसं? दोन वाशांच्या मध्यांमधलं अंतर साधारणपणे १६ इंच असतं, काही भिंतींत २४. भिंतीतल्या प्लगपॉइंटचा डबा बहुतेक वेळा एखाद्या स्टडच्या बाजूला ठोकलेला असतो, तिथून मोजायला सुरुवात करा. साधा लोहचुंबक भिंतीवरून फिरवलात तर ड्रायवॉल ज्या स्क्रूंनी स्टडला जोडलेली आहे, ते स्क्रू त्याला ओढतात. एकाखाली एक तीन-चार सापडले की समजा स्टड मिळाला. दुकानात मिळणारा स्टड फाइंडर वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्याच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांची विद्युत धारिता समोर पोकळी आहे की लाकूड, त्याप्रमाणे बदलते. तो बदल जाणवला की यंत्र बीप करतं. मात्र पाण्याचा पाइप, जाड रंग किंवा दमट भिंत यांनाही ते फसतं. म्हणून शेवटी बारीक खिळा घ्या आणि जिथे नंतर माउंटची पट्टी झाकणार आहे तिथे टोचून पाहा. डावीकडे कुठे लाकूड संपतं, उजवीकडे कुठे संपतं, दोन्ही कडा पेन्सिलीने खुणा. त्यांच्या बरोब्बर मध्ये बोल्ट. हा दहा मिनिटांचा उद्योग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका.

चुंबक भिंतीवर वरपासून खालपर्यंत सलग चिकटत गेला तर आत लाकूड नसून पत्र्याचा स्टड असण्याची शक्यता आहे. काही अपार्टमेंट्समध्ये तो सापडतो. लाकडाचा बोल्ट त्यात धरत नाही, त्यासाठी वेगळं माउंट घ्यावं लागतं. आणि घर भाड्याचं असेल तर ड्रिल उचलण्याआधी भाडेकरार वाचा.

आता वजनाचा हिशेब. समजा तुमचा ५५ इंची टीव्ही १७ किलोचा आहे. गिट्टीच्या पाकिटावर ‘२५ किलो’ लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, झालं की काम. पण भिंतीला बोल्टवर पडणारी ओढ टीव्ही भिंतीपासून किती लांब आहे यावर ठरते. ही शाळेतली तरफ आहे. टीव्हीचं वजन माउंटला खालच्या कडेवर टेकवून वरून उपटायला बघतं. भिंतीलगतच्या माउंटवर टीव्हीचा गुरुत्वमध्य भिंतीपासून समजा ६ सेंटीमीटरवर आहे आणि वरचे बोल्ट पट्टीच्या खालच्या कडेपासून २० सेंटीमीटर वर आहेत. वरच्या बोल्टांवरची ओढ १७ गुणिले ६ भागिले २०, म्हणजे जेमतेम ५ किलो. तोच टीव्ही बाहेर ओढता येणाऱ्या आर्मवर लावून ५० सेंटीमीटर पुढे आणला की १७ गुणिले ५० भागिले २०, म्हणजे ४२ किलोंच्या वर. टीव्ही तोच, भिंत तीच. आर्मचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. आणि त्या टीव्हीला १५ किलोचं मूल लोंबकळलं तर आकडा ८० वर जातो.

हा आकडा ड्रायवॉलसाठी भयंकर आहे, लाकडासाठी मात्र किरकोळ. ५/१६ इंच जाडीचा लॅग बोल्ट अशा लाकडात मधोमध बसला, तर लाकडात गेलेल्या आट्यांच्या दर इंचाला तो सुरक्षितपणे शंभर किलोंच्या आसपास ओढ सोसतो. अट फक्त ‘मधोमध’ ही. कडेला घुसला तर लाकूड चिरतं आणि मग हे गणित कागदावरच राहतं.

चिरू नये म्हणूनच आधी बारीक भोक पाडायचं. ५/१६ इंची बोल्टला बहुधा ३/१६ ते ७/३२ इंचाचा बिट लागतो. माउंटसोबतच्या कागदावर दिलेलं माप प्रमाण माना. भोक बोल्टच्या गाभ्याएवढं असलं की गाभ्याला आयती वाट मिळते आणि आटे तेवढे लाकडात रुततात. बिटवर बोल्टच्या लांबीएवढ्या अंतरावर टेप चिकटवा, म्हणजे किती खोल गेलात ते कळेल. बाहेर येणारा भुसा पाहत राहा. आधी पांढरी पूड, मग पिवळसर लाकडाचा कीस आला की तुम्ही योग्य जागी आहात. पांढऱ्या पुडीनंतर ड्रिल एकदम मोकळं आत गेलं तर थांबा, स्टड चुकला. पट्टीला पाणसळ लावून ती आडवी आहे ना ते बघा आणि बोल्ट हाताच्या पान्ह्याने पिळा. वॉशर पट्टीवर घट्ट बसला की पुरे. इम्पॅक्ट ड्रायव्हरने जोर केला तर आट्यांमधलं लाकूडच कातरलं जातं आणि बोल्ट जागच्या जागी फिरत बसतो.

विजेचं एवढं लक्षात ठेवा. प्लगपॉइंट किंवा बटणाच्या सरळ वर-खाली तारा असू शकतात, त्या रेषेत भोक नको. काम करताना त्या खोलीचा ब्रेकर बंद करा आणि ड्रिलला दुसऱ्या खोलीतून वीज द्या, किंवा बॅटरीचं ड्रिल वापरा. टीव्हीची नेहमीची पॉवर कॉर्ड भिंतीच्या आतून नेणं इथल्या विद्युत नियमांत बसत नाही. भिंतीत बसवण्यासाठी बनवलेला संच मिळतो, तो घ्या किंवा वायर सरळ बाहेरून पट्टीत झाकून न्या. दिसायला बरी नाही दिसत, पण चालते.

उंची ठरवताना सोफ्यावर बसून बघा. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या पातळीला हवा, तो साधारण ४२ इंचांच्या आसपास येतो. बॉथेलमधल्या कित्येक घरांत दिवाणखान्यात गॅसची शेगडी असते आणि टीव्ही तिच्यावर लावायचा मोह सगळ्यांना होतो. माझं मत विचाराल तर लावू नका. खालून उष्णता आणि वर मान, दोन्हीचा त्रास.

टीव्हीच्या पाठीमागची चार भोकं मोजून माउंट घ्या. गंमत अशी की घर इंचांत, पडदा इंचांत, पण त्या भोकांचे स्क्रू मात्र मिलिमीटरचे, मोठ्या टीव्हींना बहुधा एम-६ किंवा एम-८. गॅरेजमध्ये पडलेला इंची स्क्रू जबरदस्तीने पिळू नका, आतले आटे जातील. टीव्ही चढवण्याआधी नुसती पट्टी दोन्ही हातांनी धरून खाली आणि बाहेर जोरात ओढून बघा. जरासुद्धा हलली तर बोल्ट काढून पुन्हा शोधाशोध. टीव्ही चढवायला दोन माणसं लागतातच. शेजाऱ्यांना चहाला बोलवा.

हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा टीव्ही टेबलावरच ठेवला तर? लहान मूल टेबलाच्या खणात पाय ठेवून चढलं की टीव्ही पुढे कलंडतो, हे एक. दुसरं, आपण भूकंपाच्या प्रदेशात राहतो. २८ फेब्रुवारी २००१ ला निस्क्वाली इथे ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा प्यूजेट साउंडच्या साऱ्या परिसरात घरांतल्या वस्तू खाली आल्या. टेबलावर ठेवायचाच असेल तर मागून पट्ट्याने स्टडला बांधा, स्टड आता शोधता येतोच. आणि आर्मवर लावला असेल तर बघून झाल्यावर तो भिंतीकडे ढकलून ठेवा, म्हणजे ४२ चे पुन्हा ५ होतात.